‘डबल क्लिक केलं, पण उघडतच नाही’: आपल्याकडे चालणारा बिल्ड गिऱ्हाइकाकडे का मरतो

सकाळचे सहाही वाजले नव्हते. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावरून दिवाणजींचा फोन. "ताई, काल तुम्ही नवीन पाठवलंत ना, ते उघडतच नाही. डबल क्लिक करतो, गोल फिरतं आणि गायब." मागे हमालांचा गलका आणि रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकची पींपीं. शेतकऱ्याची पट्टी माझ्या सॉफ्टवेअरमधून निघते: वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, वारई वजा, हातात किती. पट्टी निघाली नाही की शेतकरी खोळंबतो, गाडीवाला खोळंबतो आणि बोलणी दिवाणजींना बसतात. तीच पुढे माझ्याकडे येतात, थोडी सौम्य होऊन.

अर्ध्या तासात दुसऱ्या गाळ्यावरून फोन. तक्रार तीच.

माझ्या घरी, नौपाड्यात, तोच बिल्ड (कोडमधून बांधलेला तयार प्रोग्रॅम) झकास चालत होता. आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे हे पहिल्यांदा झालं नव्हतं. मी माझं मशीन उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) नव्या व्हर्जनवर नेलं की पुढच्या रिलीजला हा फोन येतोच. १८.०४ वरून २०.०४ वर गेले तेव्हा आला, २२.०४ वर गेले तेव्हा आला, आता २४.०४ वर. दर वेळी मी काहीतरी ठिगळ लावून वेळ मारून नेली. या वेळी मुळापासून निस्तरलं, म्हणून लिहून ठेवतेय. सी प्लस प्लस आणि क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणं बनवून देणाऱ्या लायब्ररींचा संच) काम करून लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी सॉफ्टवेअर देणाऱ्या कुणालाही हे लागू पडेल.

एक सूचना आधीच: आदेश आणि एररचे संदेश इथे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

पहिलं काम: संदेश मिळवा

आयकॉनवर डबल क्लिक करून प्रोग्रॅम मेला तर त्याचे शेवटचे शब्द कुणालाच दिसत नाहीत. म्हणून अंदाज बांधत बसू नका. गिऱ्हाइकाला कंट्रोल-ऑल्ट-टी दाबायला सांगा, त्या काळ्या खिडकीत प्रोग्रॅमची फाइल उचलून टाकायला सांगा (फाइल माउसने ओढून आत सोडली की पूर्ण पत्ता आपोआप उमटतो, स्पेलिंगची भानगड राहत नाही), एंटर मारायला सांगा आणि फोटो मागवा. दिवाणजींनी पाठवलेला फोटो तिरका होता, कोपऱ्यात चहाचा ग्लास होता, पण ओळ वाचता येत होती:

"व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड"

त्याखाली तशीच अजून एक ओळ, त्यात २.३८. दुसऱ्या गाळ्यावरच्या फोटोत मात्र फक्त २.३८ ची ओळ. तक्रार एक, फोटो दोन, आणि दोन्ही फोटोंत थोडा फरक. हा फरकच पुढे कामाला आला.

एक खूण मात्र मला फोटोच्या आधीच लक्षात यायला हवी होती. माझा प्रोग्रॅम सुरू होताच लॉगमध्ये तारीख-वेळ टाकतो. दोन्हीकडे त्या सकाळच्या लॉगमध्ये एक अक्षर नव्हतं. याचा अर्थ माझ्या कोडची पहिली ओळसुद्धा चाललेली नव्हती, प्रोग्रॅम दारातच अडवला गेला होता. लॉग कोरा असेल तर स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

दारावर कोण अडवतं

लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जीलिबसी नावाच्या लायब्ररीवर उभा असतो. फाइल उघडणं, मेमरी मागणं, आकड्यांचं रूपांतर, सगळं तिच्याकडून. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनला व्हर्जनचं एक लेबल चिकटवलेलं असतं. आपण बिल्ड करतो तेव्हा लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करणारं साधन) आपल्या मशीनवरच्या जीलिबसीमधलं त्या फंक्शनचं चालू लेबल उचलतो आणि बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, लिहून ठेवतो. गिऱ्हाइकाच्या मशीनवर लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा) ती यादी वाचतो. एकही लेबल तिथल्या जीलिबसीत नसेल तर तो प्रोग्रॅम आत सोडत नाही.

जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, ती काळजी जीलिबसीवाले कसोशीने घेतात. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेल याची हमी कुणीच देत नाही. उबुंटू १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. डेबियन ११ मध्ये २.३१, डेबियन १२ मध्ये २.३६. लिनक्स मिंट वापरणारे बरेच भेटतात: मिंट २० म्हणजे आतून उबुंटू २०.०४, मिंट २१ म्हणजे २२.०४, मिंट २२ म्हणजे २४.०४. माझे दिवाणजी मिंट २० वर, दुसरा गाळा मिंट २१ वर.

आता २.३४ हा आकडा सगळ्यांनाच का छळतो ते सांगते, कारण नेटवर याची उत्तरं "तुमच्या कोडमधलं नवीन फंक्शन काढा" अशी मिळतात आणि माणूस दोन दिवस नसलेलं फंक्शन शोधत बसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये पीथ्रेड वगैरे वेगळ्या असलेल्या लायब्ररी मुख्य लिबसीमध्येच सामावून घेतल्या आणि त्याच वेळी प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या ‘लिबसी_स्टार्ट_मेन’ या फंक्शनलाही नवीन लेबल मिळालं. हे फंक्शन आपण कधी लिहीत नाही, पण प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ते असतंच. म्हणजे आत काहीही नसलेला, नुसता मेन असलेला तीन ओळींचा प्रोग्रॅमही २२.०४ वर बांधला तर तो २.३४ मागतो. खोटं वाटत असेल तर करून बघा, मलाही वाटलं होतं.

२.३८ ची गोष्ट वेगळी. सी भाषेच्या नव्या, सी२३ प्रमाणात अक्षरांचा आकडा करणाऱ्या ‘स्ट्रटोल’ कुटुंबातल्या फंक्शनना ‘०बी’ने सुरू होणारे बायनरी आकडे ओळखायला सांगितलंय. जुन्या प्रोग्रॅमचं वागणं बदलू नये म्हणून जीलिबसीने २.३८ मध्ये त्यासाठी वेगळी नवीन फंक्शनं दिली. जी प्लस प्लस हा कंपायलर आपल्याला न विचारता जीएनयूचे सगळे पर्याय चालू ठेवतो, त्यामुळे सी प्लस प्लसचा कोड थेट त्या नव्या फंक्शनकडे वळतो. माझ्या कोडमध्ये गोण्यांची संख्या वाचायला एके ठिकाणी साधा ‘एसटीडी स्टोइ’ वापरला होता. तेवढ्या एका ओळीसाठी मिंट २१ वरच्या गाळ्याची पट्टी अडली. गोण्यांचा आकडा बायनरीत लिहिणारा अडत्या मला अजून भेटायचाय.

हे उपाय करू नका, मी करून बसलेय

२०२२ मध्ये, याच कारणाने, मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर माझी नवीन लिबसी कॉपी केली होती. डोकं असं चाललं की लायब्ररीच हवीय ना, घे मग. सिस्टिमच्या फोल्डरमधली जुनी लिंक काढली आणि नव्या फाइलकडे वळवली. पुढच्या सेकंदाला ‘एलएस’ चालेना. ‘सीपी’ चालेना. ‘सुडो’ चालेना, म्हणजे केलेलं निस्तरायचा रस्ताही बंद. लोडर जुना, लिबसी नवी. ही जोडी एकाच व्हर्जनची लागते आणि मशीनवरचा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच दारातून आत येतो. उघडं असलेलं बॅश (टाइप केलेले आदेश चालवणारा प्रोग्रॅम) तेवढं जिवंत होतं, कारण ते आधीच मेमरीत चढलेलं होतं. फोल्डरमध्ये काय आहे हे बघायला मी ‘एको’ आणि पुढे चांदणी टाकत होते, कारण ‘एको’ बॅशच्या पोटातलं आहे, त्याला बाहेरची फाइल लागत नाही. शेवटी कांद्याच्या गोणीवर बसून पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू केलं आणि लिंक परत जागेवर लावली. मालक समोरच उभे होते. "झालं का, ताई?" हा प्रश्न त्यांनी किती वेळा विचारला ते मोजलं नाही.

दुसरा मोह स्टॅटिक लिंकिंगचा. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबायचं, प्रश्न मिटला. छोट्या कमांड-लाइन साधनाला चालेल. पण क्यूटी आपले प्लगइन (गरजेप्रमाणे जोडायचे तुकडे) चालता चालता उघडतं, आणि स्टॅटिक जीलिबसीला नेमकं तेच जमत नाही. नेटवर्कवरची नावं शोधणंही बिघडतं.

तिसरा उपाय गिऱ्हाइकाला "सिस्टिम अपग्रेड करा" म्हणण्याचा. हंगामात, गाळ्यात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तुम्हीच सांगून बघा.

जिथे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तिथे बिल्ड

खरा उपाय सोपा आहे आणि ॲपइमेजवाले (अख्खा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये देणारे) तो वर्षानुवर्षं सांगतायत. पायथॉनची चाकं, म्हणजे तयार पॅकेजेस, बांधणारेही तेच करतात: त्यांचं ‘मेनीलिनक्स२०१४’ हे सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर बांधलं जातं. आपल्याला ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचंय तिच्यावर बांधायचं. माझ्यासाठी ती उबुंटू २०.०४.

त्यासाठी जुनं मशीन ठेवायची गरज नाही. डॉकरमध्ये (आपल्या मशीनच्या आत दुसरी सिस्टिम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) २०.०४ ची प्रतिमा (इमेज) उतरवा. कंटेनर कर्नल तुमच्या मशीनचा वापरतो, पण जीलिबसी, जीसीसी कंपायलर, क्यूटीच्या हेडर फाइल, सगळं २०.०४ चं. सोर्सचं फोल्डर आत जोडा, बिल्ड आत करा, बायनरी बाहेर घ्या. २०.०४ चा नेहमीचा सुरक्षा आधार मे २०२५ मध्ये संपलाय, तेव्हा रोजच्या कामाला हे वापरू नका, बिल्डपुरतं ठीक. आणि सगळी पॅकेजेस टाकून झाली की प्रतिमा फाइलमध्ये सेव्ह करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

आत गेल्यावर मी जिथे जिथे अडखळले ते सांगते.

पॅकेजेस टाकताना सगळं अचानक थांबलं. मी जेवून आले तरी तिथेच. टाइमझोनचं पॅकेज "भौगोलिक प्रदेश कोणता" म्हणून विचारत होतं, आणि स्क्रिप्टमधून चालवल्यामुळे तो प्रश्न दिसतच नव्हता. ‘डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह’ हे आधी ठेवलं की ते विचारत नाही.

मग सीमेकने (बिल्डची आखणी करणारं साधन) तक्रार केली की कॅशे फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये तयार झालीय. घरच्या मशीनवरचं बिल्ड फोल्डर सोर्सबरोबर आत गेलं होतं. हे भूत फार लोकांना छळतं. जुनी कॅशे जुन्या कंपायलरचे, जुन्या क्यूटीचे पत्ते धरून बसते. दुरुस्त करत बसू नका, फोल्डर उडवा आणि नव्याने बांधा. कंटेनरचा बिल्ड वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्येच ठेवा. आणि कंटेनरला आपला युजर आयडी द्या, नाहीतर तयार झालेल्या फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि पुसायला सुडो लागतो. फोल्डरच्या नावात रिकामी जागा नको हेही ओघाने सांगते. मेकला ती पचत नाही आणि ‘नवी मुंबई’ असं फोल्डर केलंत तर ‘नवी’ सापडत नाही म्हणून रडतं.

त्यानंतर खऱ्या चुका. २०.०४ मध्ये जीसीसी ९ आणि क्यूटी ५.१२ आहे. माझ्या कोडमध्ये ओळ तोडताना रिकामे तुकडे वगळण्यासाठी ‘क्यूटी::स्किपएम्प्टीपार्ट्स’ होतं, ते क्यूटी ५.१४ मध्ये आलंय. जुन्यात ते ‘क्यूस्ट्रिंग’च्या आत राहायचं. व्हर्जन तपासणारी अट लावून दोन्ही लिहिलं. ‘एसटीडी फॉरमॅट’ दोन ठिकाणी होतं, ते जीसीसी १३ पासून मिळतं, काढून टाकलं. संध्याकाळ गेली, पण काम उरकलं.

कुणी म्हणेल, कंटेनरमध्ये नवीन जीसीसी टाका ना. टाकता येतो. पण मग जीलिबसी जुनी राहूनही सी प्लस प्लसची लायब्ररी नवी मागितली जाते आणि फोटोत जीलिबसीऐवजी ‘जीलिबसीएक्सएक्स’ दिसायला लागतं. जीसीसी १२ म्हणजे ३.४.३०, २०.०४ कडे आहे ३.४.२८. आणि ती लायब्ररी सोबत देऊन टाकू म्हणालात तर जपून. गिऱ्हाइकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर तुमच्या प्रोग्रॅममध्येच लोड होतो, आणि त्याला तुमच्या लायब्ररीपेक्षा नवी हवी असेल तर खिडकीच उमटत नाही. दोन दिवस वाचवायचे असतील तर जुन्या कंपायलरला शरण जा.

पाठवण्याआधी बायनरीलाच विचारा

हा भाग मी या वेळी पहिल्यांदा नीट केला. ऑब्जडम्पला कॅपिटल टीचा पर्याय देऊन बायनरीतली लेबलं काढायची, त्यातून जीलिबसी असलेली गाळून घ्यायची, क्रमाने लावायची आणि सगळ्यात मोठं बघायचं. २०.०४ साठी ते २.३१ च्या वर असता कामा नये.

क्रम लावताना मात्र फसू नका, मी फसलेय. साध्या सॉर्टला आकडे कळत नाहीत, तो अक्षरं बघतो. त्याच्या हिशेबी २.३४ च्या नंतर २.४ येतं, कारण चार तीनपेक्षा मोठा. आणि २.४ प्रत्येक बायनरीत हमखास असतं, स्टॅकची राखण करणारं एक फंक्शन त्या लेबलचं आहे. शेवटची ओळ २.४ बघून मी "वा, किती जुन्यावरही चालेल" म्हणून पाठवून दिलं होतं. सॉर्टला कॅपिटल व्हीचा पर्याय द्या, तो व्हर्जनचे आकडे व्हर्जनसारखे लावतो.

ही तपासणी मुख्य फाइलवरच नको. पॅकेजमधल्या प्रत्येक लायब्ररीवर आणि प्लगइनवर करा. आता माझ्या स्क्रिप्टमध्येच ती आहे: एकाही फाइलने २.३१ च्या वरचं काही मागितलं तर पॅकेज बनतच नाही.

दार उघडलं, आत अंधार

नवा बिल्ड घेऊन मी स्वतः गेले. ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर पकडली, तुर्भ्याला उतरले. प्रोग्रॅम दारातून आत गेला आणि लगेच नवीन संदेश: क्यूटीचा एक्ससीबी प्लगइन (खिडकी पडद्यावर आणणारा) "सापडला असूनही लोड करता आला नाही".

या संदेशात "सापडला असूनही" हे शब्द महत्त्वाचे. लोक प्लगइन सापडत नाही असं समजून तो दहा ठिकाणी कॉपी करतात. प्लगइन जागेवर असतो. त्याला स्वतःला जी लायब्ररी हवीय ती नसते. ‘क्यूटी_डीबग_प्लगइन्स=१’ लावून प्रोग्रॅम चालवला की कोणती ते तो नावानिशी सांगतो. क्यूटी ६.५ किंवा पुढचं वापरत असाल तर बहुतेक वेळा ती ‘एक्ससीबी-कर्सर’ निघते, कारण ६.५ पासून ती लागते आणि बऱ्याच मशीनवर नसते.

माझ्याकडे कारण वेगळं होतं. गाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसतो म्हणून मी क्यूटी सोबतच देते. मुख्य प्रोग्रॅमला "लायब्ररी शेजारच्या लिब फोल्डरमध्ये बघ" असं सांगून ठेवलं होतं, ‘डॉलर-ओरिजिन’ (ती फाइल जिथे आहे ते फोल्डर) वापरून. पण हल्लीचा लिंकर ही सूचना ‘रनपाथ’ म्हणून लिहितो, आणि रनपाथ ज्याच्यावर लिहिला त्याच्याच थेट गरजांना लागू होतो. प्रोग्रॅमने उघडलेल्या प्लगइनला लागणाऱ्या लायब्ररीसाठी तो बघितला जात नाही. जुना ‘आरपाथ’ खालपर्यंत झिरपायचा, हा झिरपत नाही. म्हणून प्रत्येक प्लगइनवर आणि सोबतच्या प्रत्येक लायब्ररीवर पॅचएल्फ या साधनाने त्याचा त्याचा रनपाथ लिहावा लागला. प्लगइन दोन पायऱ्या आत असल्याने त्याला दोन पायऱ्या वर जाऊन लिबमध्ये बघायला सांगायचं. डॉलरचं चिन्ह एकेरी अवतरणात ठेवा. दुहेरीत ठेवलंत तर शेल ते गिळून टाकतं आणि बायनरीत ‘ओरिजिन’ नसलेला चुकीचा पत्ता जातो. रीडएल्फने नंतर वाचून खात्री करा.

सीमेकवाल्यांसाठी याचाच एक भाऊबंद: बिल्ड फोल्डरमधून चालतं, इन्स्टॉल केल्यावर चालत नाही. सीमेक बिल्डच्या वेळचा रनपाथ इन्स्टॉल करताना पुसतो. ‘सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ’ तुम्ही दिला नाहीत तर तिथे काहीच उरत नाही.

"एवढं कशाला, एलडी_लायब्ररी_पाथ लावणारी छोटी स्क्रिप्ट दे की," असं मला एका मित्राने सांगितलं होतं. दिली होती. मग पट्टीचा पीडीएफ उघडेना. कारण हा पत्ता प्रोग्रॅमच्या पोराबाळांनाही वारशाने मिळतो. माझा प्रोग्रॅम सिस्टिमचा पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम उघडायचा आणि तो बिचारा माझ्या जुन्या लायब्ररी उचलून कोसळायचा.

आयसीयू (निरनिराळ्या भाषांचा मजकूर हाताळणारी लायब्ररी) विसरू नका. उबुंटूचं क्यूटी तिच्यावर अवलंबून असतं आणि तिचं नाव दर व्हर्जनला बदलतं: २०.०४ मध्ये ६६, २२.०४ मध्ये ७०, २४.०४ मध्ये ७४. सोबत दिली नाही तर दुसऱ्या कुठल्याही उबुंटूवर ती सापडणार नाही. तिची डेटा फाइल एकटी २५ एमबीच्या वर आहे. पॅकेज फुगतं, इलाज नाही.

मराठी उमटत नाही, प्रिंटर दिसत नाही

आता चाललं. दिवाणजी खूश. मी चहा घेतला. तेवढ्यात त्यांनी शेतकऱ्याचं गाव टाकायला घेतलं. "ताई, हे इंग्रजीतच येतंय." ओतूर टाइप करायचं होतं, कीबोर्डचं चिन्ह मराठीवर होतं, बाजूच्या नोटपॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटत होतं. माझ्याच प्रोग्रॅममध्ये नाही.

हे मला आवर्जून लिहायचं होतं, कारण इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर हे शोधलं तरी सहज सापडत नाही. त्या लोकांना ही अडचण येतच नाही. लिनक्सवर मराठी टाइप करणं बहुतेक जण आयबस या टायपिंगच्या यंत्रणेतून करतात. क्यूटीचा प्रोग्रॅम आयबसशी बोलतो तो एका प्लगइनमधून, ‘प्लॅटफॉर्मइनपुटकॉन्टेक्स्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असलेल्या. पॅकेज बनवणारं साधन आपल्या प्रोग्रॅमच्या गरजा एलडीडीसारखं (लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारा आदेश) वाचतं, आणि प्लगइन त्या यादीत नसतातच. प्लगइन नाही म्हणून क्यूटी गप्प बसतं, एरर देत नाही, सरळ इंग्रजी घेतं. पॅकेजमध्ये ते फोल्डर टाकलं, ओतूर उमटलं.

मग छपाई. प्रिंटरची यादी रिकामी, फक्त पीडीएफ. कारण तेच, फोल्डर वेगळं: ‘प्रिंटसपोर्ट’, त्यात कप्सशी (लिनक्सची छपाईची यंत्रणा) बोलणारा प्लगइन. डेटाबेससाठी ‘एसक्यूएलड्रायव्हर्स’ मी आधीच्या एका रिलीजला रडून शिकले होते, म्हणून तेवढं होतं. लोगो जेपेगमध्ये असेल तर ‘इमेजफॉरमॅट्स’ही बघा. आणि प्रोग्रॅमशेजारी ‘क्यूटी.कॉन्फ’ ही दोन-तीन ओळींची फाइल ठेवून प्लगइन कुठे आहेत ते क्यूटीला सांगा, नाहीतर ते कंटेनरमधल्या पत्त्यावर शोधत बसेल.

या सगळ्या गोष्टी घरी का दिसल्या नाहीत? कारण घरी सिस्टिमचं पूर्ण क्यूटी टाकलेलं आहे, जे पॅकेजमध्ये नसतं ते तिथून उचललं जातं. आता मी पॅकेज नव्या, कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवून बघते, ज्यावर क्यूटीचं काहीही नाही. तिथे मराठीत एक गाव टाइप करते, एक पट्टी छापते आणि मगच पाठवते.

उरलेलं थोडक्यात

ॲपइमेज देत असाल आणि २२.०४ किंवा पुढच्या मशीनवर "फ्यूज" म्हणून ओरडत असेल, तर तिथे ‘लिबफ्यूज२’ आपणहून येत नाही, २४.०४ मध्ये तर त्या पॅकेजचं नावही ‘लिबफ्यूज२टी६४’ झालंय. तात्पुरतं ‘ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ हा पर्याय देऊन चालवता येतं.

डेब पॅकेज देत असाल तर ते २४.०४ वर बांधू नका, या ‘टी६४’मुळेच. अवलंबनांच्या यादीत ‘लिबक्यूटी५कोर५टी६४’ येतं आणि २२.०४ ला ते नाव माहीत नाही. उलट दिशा चालते, नव्या पॅकेजने जुनं नाव आपल्यापाशी राखून ठेवलंय.

व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवली तर चालवायची परवानगी वाटेत गळते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन परत टिक करायला सांगा, किंवा माझ्यासारखं टार करून पाठवा, त्यात परवानगी टिकते. "एक्झेक फॉरमॅट एरर" आला तर वरचं काहीही वाचू नका. मशीन ३२ बिटचं आहे किंवा एआरएमचं.

एक गाळा अजून १८.०४ वर आहे, जीलिबसी २.२७. त्यांच्यासाठी मी बिल्ड आणखी मागे नेणार नाही, क्यूटी ५.९ साठी कोड परत उसवायची माझी तयारी नाही. मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग मार्केटच्या सुट्टीला या, मशीन तुमच्या ताब्यात." डेटाचा बॅकअप घ्यायला रिकामी डिस्क विकत घेऊन ठेवलीय. तोवर त्यांच्याकडे मागच्या वर्षीचं व्हर्जन चालू आहे, आणि ते चालतंय.